नरवेलचा पोथीवाचक

‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण सारेच वापरतो. केल्यासवरल्या कामावर पाणी पडले की त्यावर हरताळ फासला गेला, असे सहज म्हणून जातो. पण हरताळ म्हणजे काय आणि तो कशावर फासायचा, हे घरातल्या शाळकरी मुलाने विचारले तर पुष्कळांची पंचाईत होते. हरताळ हे पिवळ्या रंगाचे खनिज. पूर्वी पोथी लिहिताना चूक झाली की लेखनिक त्या अक्षरावर हरताळ खलून लावी, तो वाळला की त्याच पिवळ्या जागेवर बोरूने नवे अक्षर काढी. पान नीटनेटके राही. फक्त एक पिवळा डाग मागे उरे. जुनी पोथी हाती आली की जाणकाराची नजर या डागांवर आधी जाते. येथे लिहिणारा अडखळला होता, हे त्याला कळते. कशाने अडखळला, हा पुढचा प्रश्न. आणि त्याचे उत्तर शोधण्यात कधी एक दुपार जाते, कधी काही वर्षे.

अशा पानांमध्ये ज्यांची साठ-पासष्ट वर्षे गेली, ते डॉ. विष्णु भिकाजी कोलते आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे. मलकापूर तालुक्यातील नरवेल हे त्यांचे गाव. जन्म २२ जून १९०८ चा. आज त्यांचे नाव घेतले की कोणी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांना ओळखतो, कोणी भोपाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. दोन्ही खरे आहे. पण कुलगुरू पुष्कळ होतात आणि संमेलनाला अध्यक्ष दरवेळी मिळतोच. कोलत्यांनी जे केले ते करायला मात्र माणूस मिळणे कठीण होते. सातशे वर्षांपूर्वीचे मराठी गद्य, जे सांकेतिक लिपीत बांधून, बासनात गुंडाळून मठामठांतून ठेवलेले होते, ते त्यांनी पानापानाने वाचले, ताडून पाहिले आणि तुमच्याआमच्या हाती वाचण्याजोगे करून दिले.

कोलत्यांचा जन्म झाला तेव्हा वऱ्हाडची स्थिती मोठी चमत्कारिक होती. नावाने मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा. १९०२ च्या करारानंतर तो मध्यप्रांताला जोडलेला. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे मलकापूर हे कापसाच्या उलाढालीचे गाव. काळी जमीन, कपाशी, ज्वारी, आणि त्या भोवती फिरणारे घरचे अर्थकारण. शेतकऱ्याच्या पोराने चार बुके शिकावीत, फार तर तलाठी किंवा मास्तर व्हावे, यापलीकडे घरच्यांची स्वप्ने त्या काळी सहसा जात नसत. अशा घरातून निघून कोलते उच्च शिक्षणासाठी नागपूरपर्यंत पोचले आणि पुढे अमरावती व नागपूर येथील महाविद्यालयांत मराठीचे प्राध्यापक झाले. तरुणपणी त्यांनी कविता केल्या. ‘लव्हाळी’ नावाचा संग्रहही काढला. कवितेचा हा कान पुढे पोथ्या वाचताना त्यांच्या फार उपयोगी पडला असला पाहिजे, असे मला वाटते. कारण जुन्या पोथीत शब्द तोडून लिहिलेले नसतात. ओळ सलग चाललेली असते. कोठे थांबायचे हे डोळ्याला दिसत नाही, ते कानानेच ठरवावे लागते.

अमरावतीहून रिद्धपूर फार लांब नाही. मोर्शी तालुक्यातले हे गाव म्हणजे महानुभाव पंथाचे मोठे तीर्थ. चक्रधर स्वामींचे गुरू गोविंदप्रभू येथलेच. तेराव्या शतकात देवगिरीला यादवांचे राज्य असताना चक्रधर महाराष्ट्रभर पायी हिंडले. आपल्या जिल्ह्यात मेहकर, लोणार ही गावे त्यांच्या वाटेवर आली. लोणारला यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीस आल्याचा प्रसंग ‘लीळाचरित्रा’त येतो. बायका, शूद्र, जातिबाह्य ठरवलेले लोक, सर्वांना त्यांनी जवळ केले आणि तेही लोकांच्या बोलीत. त्यांच्यामागे पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. केशिराजबास हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांना नागदेवांनी संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केल्याची हकीगत प्रसिद्ध आहे. कारण साधे होते. संस्कृतात लिहिले तर आपल्यातल्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही. मराठी भाषेचे केवढे भाग्य या एका कारणात दडलेले होते!

पण मग असे मराठी लिहून ते कोणाला वाचता येऊ नये म्हणून लपवले का? हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. आपल्या गुरूचे बोलणे पवित्र. ते अनधिकारी माणसाच्या हाती पडून त्याची टवाळी होऊ नये, ही एक भावना. चौदाव्या शतकापासूनची धामधूम आणि भोवतालच्या समाजाचा रोष, ही दुसरी बाजू. त्या शतकाच्या मध्याला रवळोबासांनी ‘सकळ’ लिपी तयार केली असे पंथ मानतो. पुढे सुंदरी, वज्र, अंक, शून्य अशा आणखी कितीतरी लिप्या निघाल्या. सकळ लिपीचे तत्त्व समजायला अवघड नाही. अक्षरे नागरीच, पण त्यांचे मूल्य बदललेले. उदाहरणापुरते समजा की ‘क’ ला ‘म’ म्हणायचे आणि ‘म’ ला ‘क’. मग ‘कमळ’ हा शब्द पानावर ‘मकळ’ असा दिसेल. ही मी केलेली खेळातली जोडी आहे. खऱ्या लिपीत सारी वर्णमालाच अशी फिरवलेली असते आणि वर काही चिन्हे वेगळी. परक्याला पान दिसते, अक्षर ओळखू येते, पण अर्थ लागत नाही. ओळखीचा माणूस समोरून यावा आणि त्याने ओळखच देऊ नये, तसा तो प्रकार.

सहाशे वर्षे ही दारे बंद राहिली. पंथाचे मठ महाराष्ट्राबाहेर पंजाबात, पार पेशावरपर्यंत गेले; तेथे हे लोक जयकृष्णी म्हणून ओळखले जात. तिकडच्या मठांतही मराठी पोथ्या जपल्या गेल्या, पाठ केल्या गेल्या. पण बाहेरच्या मराठी माणसाला त्यांचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे आणि ठाण्याचे वि. ल. भावे यांनी या लिपीची किल्ली फिरवली आणि महाराष्ट्राला एकदम कळले की ज्ञानेश्वरीच्या आगेमागे आपल्या भाषेत एक भलेमोठे गद्याचे दालन आहे. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने यांनी ते काम पुढे नेले. नेन्यांनी १९३६ पासून ‘लीळाचरित्र’ भागाभागाने छापायला घेतले. कोलते याच पिढीचे, त्यांतले वयाने धाकटे. १९३५ साली त्यांचे भास्करभट्ट बोरीकरांवरचे पुस्तक आले तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते.

किल्ली सापडली म्हणजे काम संपले, असे आपल्याला वाटते. येथेच खरी मेख आहे. लिपी वाचता आली तरी पान ओळखता यायला हवे. मठातून मिळणारी पोथी नेहमीच अखंड असते असे नाही. पहिले पान हातांच्या वापराने झिजून गेलेले, शेवटचे वाळवीने खाल्लेले, मधली चार पाने दुसऱ्याच पोथीची. बासन सोडताना वाऱ्याने उडालेली पाने कोणा भाविकाने घाईने गोळा करून जमतील तशी रचलेली. अशा वेळी वाचकापुढे एक सुटे पान येते. ना नाव, ना कर्ता, ना साल. त्याने काय करावे?

आधी कागद पाहावा. घोटीव, जाडसर, हातकागद; उजेडात धरला की त्यात साच्याच्या रेषा दिसतात. मग समास. दोन्ही बाजूंना तांबड्या शाईच्या रेघा किती, त्यांत अंतर किती, एका पानावर ओळी किती, हे एकाच लेखनिकाच्या सबंध पोथीत बहुधा सारखे असते. त्यामुळे भरकटलेले पान आपल्या घरी परत पोचवता येते. पानाचा आकडा समासात असतो आणि पुष्कळदा त्याच्याजवळ ग्रंथाच्या नावाची आद्याक्षरे. नंतर अक्षराचे वळण. एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर नसून मागे उभ्या रेघेसारखी असेल तर ती पडिमात्रा. जुन्या वळणाची खूण. मात्र येथे सावध राहावे लागते, कारण भाविक लेखनिक जुन्या पोथीचे वळण दोनशे वर्षांनंतरही तसेच उतरवतो. तेव्हा वळणापेक्षा भाषा अधिक खरे बोलते. क्रियापदाचे रूप, विभक्तीचा प्रत्यय, मागाहून शिरलेला एखादा फारसी शब्द. तेराव्या शतकातल्या माणसाच्या तोंडी पुढच्या अमदानीतला शब्द आला की समजावे, येथे कोणाचा तरी हात फिरला आहे.

आणि शेवटी पुष्पिका. पोथी संपली की लेखनिक शक, संवत्सर, तिथी, वार, गाव, आपले नाव असे लिहून ठेवतो. हे मिळाले तर सोन्याहून पिवळे. पण तेही तपासून घ्यायचे असते. घरच्या घरी करून पाहण्याजोगी एक युक्ती सांगतो. शकाच्या आकड्यात बारा मिळवा, साठाने भागा; जी बाकी उरेल तितके संवत्सर प्रभवापासून मोजा. शके १९०० घ्या. बारा मिळवून १९१२, साठाने भागले की बाकी ५२. बावन्नावे संवत्सर कालयुक्त. पंचांग काढून पाहा, शके १९०० ला कालयुक्तच होते. लेखनिकाने शक एक आणि संवत्सर भलतेच लिहिले असेल तर दोहोंपैकी एक चुकले आहे, किंवा त्याने जुन्या पोथीतला मजकूर डोळे मिटून उतरवला आहे. रविवारच्या दुपारी मुलांना हा हिशेब घालून द्यायला हरकत नाही. सालांचा हा पडताळा पोथी वाचणाऱ्याला पदोपदी करावा लागतो. कोलत्यांना तर ताम्रपट आणि शिलालेखांचाही नाद होता. महाराष्ट्रातील काही ताम्रपट व शिलालेख यांवरचे त्यांचे पुस्तक १९८७ मध्ये निघाले. दगड आणि तांबे हरताळ लावून दुरुस्त करता येत नाही, म्हणून पोथीच्या माणसाला त्यांची साक्ष मोलाची वाटते.

या साऱ्या पानांत कोलत्यांना भेटलेली सर्वांत गोड पाने गाण्याची असावीत. महानुभावांचे वाङ्मय म्हटले की आपल्याला लीळा आठवतात, सूत्रे आठवतात, तत्त्वज्ञान आठवते. पण हा गाणारा पंथ होता. महदाइसा, जिला महदंबा असेही म्हणतात, ती मराठीची आद्य कवयित्री. तिचे ‘धवळे’ म्हणजे लग्नात गायची गाणी. रिद्धपूरला गोविंदप्रभूंना एकदा लग्नाची लहर आली. ते अवतारी पुरुष, त्यांच्या लहरीला अर्थ काय विचारायचा! भक्तांनी मांडव घातला, लग्नाचा थाट केला, आणि लग्न म्हटल्यावर धवळे हवेत, म्हणून महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे तेथल्या तेथे रचून गाइले. भक्ताच्या अंगणातला हा खेळ मराठी कवितेत बाईचा पहिला मोठा आवाज ठरला. दामोदर पंडित हा आणखी एक; ‘वछाहरणा’चा कवी, गाण्यातला जाणकार. त्याच्या चौपद्या गळ्यासाठीच रचलेल्या आहेत.

आता असे एक गाण्याचे पान समोर ठेवा. शब्द आहेत. चरण आहेत. पण चाल? चाल पानावर नाही. फार तर एखाद्या रागाचे नाव माथ्यावर सापडेल. याचे आश्चर्य वाटते, कारण याच यादवांच्या देवगिरीत, सिंघण राजाच्या पदरी, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. सिंघणाची कारकीर्द १२१० ते १२४७ ची. म्हणजे चक्रधरांच्या पायी हिंडण्याच्या थोड्याच आधीची. मूळ काश्मीरच्या घराण्यातल्या या पंडिताने स्वर सा, री, ग अशा अक्षरांनी लिहून दाखवले आहेत. त्याच्याही आधी, सातव्या शतकाच्या सुमारास, तमिळनाडूत कुडुमियामलै येथे दगडावर स्वर कोरलेले आहेत. स्वर लिहिण्याची विद्या होती, ती यादवांच्या राजधानीत होती. शार्ङ्गदेवाने गाण्याचे प्रकार सांगताना ओवी सांगितली, लोली सांगितली, मंगल कार्यात गायचा धवल सांगितला. तरीही महदाइसेच्या धवळ्यांवर कोणी स्वर घातले नाहीत. कारण ते शिकायचे होते कानाने. सासूने म्हटले, सुनेने उचलले. जे रोज गळ्यात आहे ते कागदावर कोण लिहील? आपल्या आज्या जात्यावर गात, त्यांनीही कोठे लिहून ठेवले?

दूर युरोपात याच काळात मठांतले संन्यासी देवाची स्तोत्रे गात होते आणि त्यांच्या पोथ्या चामड्याच्या पानांवर लिहिल्या जात होत्या. तिकडचा इतिहास पाहिला की आपली गोष्ट अधिक चांगली कळते. नवव्या-दहाव्या शतकातल्या त्यांच्या पोथ्यांत शब्दांच्या डोक्यावर नुसत्या लहान लहान रेघा आणि बाक असत. सूर वर चढतो की खाली उतरतो एवढेच त्या सांगत. किती चढतो हे सांगत नसत. चाल आधीच पाठ असणाऱ्याला ती नुसती आठवण होती. अकराव्या शतकात ग्विदो नावाच्या इटलीतल्या संन्याशाने आडव्या रेघा आखून त्यांवर सूर बसवण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा कोठे न ऐकलेले गाणे पानावरून म्हणता येऊ लागले. पुढे छापखाने आले, जुनी पुस्तके निरुपयोगी ठरली, त्यांची पाने फाडून दुसऱ्या पुस्तकांच्या बांधणीत अस्तर म्हणून घातली गेली. आज तिकडचे अभ्यासक असे एकेक सुटे पान हाती धरून ते कोणत्या सणाचे, कोणत्या प्रहरीच्या उपासनेचे, हे पहिल्या दोन-चार शब्दांवरून ठरवतात. कोलते सुट्या पानावरून ते कोणत्या लीळेचे हे ठरवत, तीच ही विद्या. फरक एवढाच की त्यांच्या पानावर सूर सापडतो आणि आपल्या पानावर तो सापडत नाही. पोथीशास्त्राने कितीही जीव तोडला तरी महदाइसेचा गळा परत येत नाही. पंथातल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून जे उतरले तेवढेच आपले.

गळ्यातल्या वस्तूवर विसंबण्याचे बळ केवढे असते, हे मात्र याच पंथाने दाखवून दिले आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करण्यासाठी गावोगाव पायपीट केली. ज्याने जे पाहिले, जिने जे ऐकले, ते त्याच्याच, तिच्याच तोंडून घेतले. असे ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे तीन भाग. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजांची धाड आली आणि त्या पळापळीत मूळ पोथीच गेली. पंथात हिला खालशाची धाड म्हणतात. विचार करा, एवढी खटपट, आणि एका दिवसात सारे नाहीसे. तेव्हा ज्यांनी ग्रंथ पाठ केला होता ते पुढे आले. हिराइसा नावाच्या बाईच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, इतरांनीही आपापल्या स्मरणातून तो सांगितला. म्हणून ‘लीळाचरित्रा’ला एक पाठ नाही. अनेक पाठ आहेत, आणि प्रत्येक पाठाचा आपला अभिमानी संप्रदाय आहे.

संपादकाची खरी परीक्षा येथे लागते. दोन पोथ्यांत एकच प्रसंग दोन तऱ्हांनी आला, तर कोणता खरा? सोपा मार्ग असा की जो शोभतो तो ठेवावा, जो खटकतो तो गाळावा. पुष्कळ चांगल्या माणसांनी पुष्कळ चांगल्या ग्रंथांचे असे वाटोळे केले आहे. कोलत्यांनी दुसरी वाट धरली. ज्या पोथीत जे आहे ते पुढे ठेवायचे, पाठभेद खाली द्यायचे, आणि वाचकाला शहाणा समजायचे. यासाठी त्यांना मठांतून पोथ्या हव्या होत्या. त्या देणारे महंत श्रद्धाळू. पोथी त्यांच्या लेखी कागद नव्हे, देव. परक्या प्राध्यापकाच्या हाती देव कसा द्यायचा? हा विश्वास कमावायला कोलत्यांना आयुष्य घालावे लागले. तो त्यांना मिळालाही. १९४४ साली म्हाइंभटांचेच ‘गोविंदप्रभुचरित्र’ त्यांनी संपादून काढले. पंथाचे तत्त्वज्ञान आणि आचारधर्म यांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले, चक्रधरांचे चरित्र लिहिले. नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’, भास्करभट्टाचे ‘शिशुपाळवध’ संपादले. त्या नरेंद्राची कथाही सांगण्याजोगी आहे. रामदेवराव यादवाला त्याचे काव्य एवढे आवडले की ते आपल्या नावावर करून दे म्हणून राजाने गळ घातली. कवीने ते नाकारले आणि काव्याची प्रत राजवाड्यात सोडून, पाठ असेल तेवढे घेऊन तो महानुभावांकडे आला, असे पंथाची परंपरा सांगते. आपल्याकडे आज जे काव्य आहे ते त्या आठवणीतले. पुन्हा तेच: कागद राजाकडे राहिला, गाणे गळ्याबरोबर आले.

१९६६ मध्ये कोलते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६७ मध्ये भोपाळला मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. नरवेलच्या शेतकऱ्याच्या घरून तेथवरची वाट लहान नव्हती, पण या मानमरातबाबद्दल येथे अधिक लिहीत नाही. ते पुष्कळांनी लिहून झाले आहे. अशा खुर्चीत बसलेला माणूस संशोधनाला बहुधा रामराम ठोकतो. कोलत्यांनी तो ठोकला नाही. वयाची सत्तरी गाठली तेव्हा, १९७८ मध्ये, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने त्यांनी संपादिलेले संपूर्ण ‘लीळाचरित्र’ एका भक्कम ग्रंथात प्रसिद्ध केले. तेच शके १९००, तेच कालयुक्त संवत्सर.

हा ग्रंथ सर्वांनी डोक्यावर घेतला असता तर गोष्ट गोड झाली असती. तसे झाले नाही. पंथातल्या काही मंडळींना त्यातला मजकूर आणि त्याची मांडणी दुखावणारी वाटली. देवाच्या लीळा अशा उघड्या बाजारात, त्याही सगळ्या पाठभेदांसह, त्यांना नको होत्या. हरकती निघाल्या, वाद पेटला. ज्यांच्या ग्रंथांवर माणसाने जन्म वेचला, त्यांच्यापैकीच काहींनी त्याला दोष द्यावा, याचे दुःख म्हाताऱ्या माणसाला काय झाले असेल याची कल्पना करता येते. तरी दुसरी बाजूही नीट पाहिली पाहिजे. ज्या ग्रंथाला मुठीत धरून एका पंथाने सहाशे वर्षे काढली, तो एके दिवशी छापखान्यातून बाहेर पडावा आणि कोणीही तो उघडून हसावे, ही भीती खोटी नव्हती. माझे मत विचाराल तर मी कोलत्यांच्या बाजूचा आहे. नागदेवाचार्यांनी म्हाताऱ्या बायकांसाठी मराठीचा हट्ट धरला होता. त्या ग्रंथाला पुन्हा कुलूप लागू नये. पण हे मी ज्या निश्चिंतपणे म्हणतो आहे तो निश्चिंतपणा परक्याचा आहे, हेही मला कळते.

त्यांच्या कामाचा पल्ला केवढा, हे बाहेरच्या लोकांनी आधी ओळखले. लंडनच्या रेसाइड या अभ्यासकाने १९६० मध्ये महानुभावांच्या मराठी ग्रंथांची सूची केली आणि पुढे सकळ लिपीवरही लिहिले. अमेरिकेतल्या ॲन फेल्डहाउस यांनी कोलत्यांच्या ‘गोविंदप्रभुचरित्रा’वरून इंग्रजी भाषांतर केले, ते १९८४ मध्ये निघाले. रिद्धपूरच्या गल्लीतून वेड्यासारखे हिंडणारे, पोरांशी खेळणारे, कोणाच्याही घरात शिरून खायला मागणारे गोविंदप्रभू परदेशी वाचकांपुढे गेले ते अशा रीतीने.

या सगळ्यात मला स्वतःला सर्वांत लळा लागला तो एका लहान ग्रंथाचा. ‘स्थानपोथी’ त्याचे नाव. चक्रधर जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, त्या जागांची ही नोंद. वाचायला रूक्ष. अमुक गावाच्या अमुक दिशेला देऊळ, त्याचे दार पूर्वेला, त्याच्या उत्तरेला दुसरे, मध्ये ओटा, तेथे गोसावी बसत. कथा नाही, वर्णनाचा डौल नाही. पण तेराव्या शतकातले महाराष्ट्रातले गाव कसे वसलेले होते, देवळे कोठे होती, वेशी कोणत्या बाजूला होत्या, हे इतक्या बारकाईने सांगणारे दुसरे काही आपल्याजवळ क्वचितच असेल. गोविंदप्रभू आणि चक्रधर यांच्या पायाखालची जमीन पुढच्या पिढीतल्या भक्ताला चुकू नये म्हणून केलेली ही तजवीज. कोलत्यांनी हाही ग्रंथ संपादून काढला. मेहकर, लोणारसारख्या आपल्या गावांचा रहिवासी तो हाती घेऊन निघाला तर आजही कित्येक जागी त्याला थबकायला होईल.

८ एप्रिल १९९८ रोजी कोलते गेले. नव्वदी पूर्ण व्हायला अडीच महिने कमी होते. त्याआधी चार वर्षे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. त्यांच्यामागे, ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले तेही कोठे, तर रिद्धपूरला. गोविंदप्रभूंचे, महदाइसेच्या धवळ्यांचे ते रिद्धपूर.

जगातल्या मोठमोठ्या ग्रंथालयांत महानुभावांवरची पुस्तके आहेत. त्यांच्या शेवटी संदर्भांच्या याद्या असतात. बारीक टाइपात, कोणी फारसे न वाचणारी. त्या याद्यांत लंडन येते, न्यूयॉर्क येते, पुणे आणि मुंबई येते. आणि त्यांच्याच मध्ये, ‘स्थानपोथी’पुढे, ‘गोविंदप्रभुचरित्रा’पुढे, ‘चक्रधरचरित्रा’पुढे, प्रकाशनाचे गाव म्हणून पुन्हा पुन्हा एक नाव येते. अरुण प्रकाशन, मलकापूर.